जुना फोन फ्लॅश करायचा (म्हणजे आतली सिस्टीम नव्यानं टाकायची) असेल तर इथंच द्या

बाबांचा जुना मीडियाटेकवाला फोन, एमटी६५८० चिपचा, आठवडाभर लोगोवरच अडकून राहिला होता. नागपुरात बर्डीवरच्या या दुकानात दिला न काल परत आणला, मस्त चालू आहे, नेटवर्क आहे, फोटो सगळे जागेवर.

एवढा खुश का ते सांगतो. मागच्या वर्षी आईचा तसलाच फोन घराजवळ एकाकडे दिला होता. त्यानं नेटवरून त्याच मॉडेलच्या नावाची फाइल उचलली, पण मॉडेल एकच असलं तरी आतला बोर्ड वेगळा असू शकतो न, पार्टिशनचा, म्हणजे मेमरीतल्या कप्प्यांचा, नकाशा जुळलाच नाही. एसपी फ्लॅश टूलनं (मीडियाटेकचे फोन फ्लॅश करायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) पीएमटी चेंज्डचा, म्हणजे नकाशा बदलल्याचा, एरर दिला न त्यातच फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड (सगळं पुसून नव्यानं टाका) करा असं लिहून येते, यानं सरळ तेच दाबलं. फोन सुरू झाला पण एनव्हीरॅम, म्हणजे फोनचे स्वतःचे नंबर ठेवलेला कप्पा, साफ! आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) इनव्हॅलिड, वायफायच्या यादीत वरच एनव्हीरॅम वॉर्निंग, सिम टाकून काही उपयोग नाही. आई आता त्यावर फक्त भजनं ऐकते.

इथल्या भाऊंनी आधी रिकव्हरीत (फोन दुरुस्तीचा मेनू) जाऊन बिल्ड नंबर कागदावर लिहून घेतला, त्याच नंबरचं फर्मवेअर (फोनची सिस्टीम) शोधलं, मग त्यातली स्कॅटर फाइल, म्हणजे तोच कप्प्यांचा नकाशा, नोटपॅडमध्ये उघडून मला दाखवली. साधी टेक्स्ट फाइल असते हो, प्रत्येक पार्टिशनचं नाव, कुठून सुरू होते, साइज किती. एनव्हीरॅमच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, हे ५ एमबी आधी काढून ठेवतो, बाकीचं मग पाहू." तोच पत्ता न साइज टूलच्या रीडबॅकमध्ये (फोनमधून वाचून घ्यायचा पर्याय) टाकून बॅकअप घेतला, नंतर डाउनलोड ओन्ली (बाकी काही न पुसता), फक्त बूट न सिस्टीमला टिक. प्रीलोडरला हात नाही (फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा भाग, तो चुकीचा गेला की फोन चार्जिंगचंही चिन्ह दाखवत नाही), युजरडेटाची (आपले फोटो, अ‍ॅप असतात तो कप्पा) टिक काढली म्हणून फोटो वाचले.

दोन दिवस लागले, ४०० रुपये घेतले, बॅकअपची फाइल न मागता पेनड्राइव्हवर टाकून दिली. जुन्या सॅमसंगचंही करतात, त्यात स्कॅटर नाही तर पिट फाइल असते न ओडिन हे सॉफ्टवेअर लागते, माझ्यासमोर एकाचा केला तेव्हा रीपार्टिशनची (कप्पे नव्यानं पाडायची) टिक लावलीच नाही.

जागा अगदीच अरुंद आहे न संध्याकाळी उभं राहायला होत नाही, सकाळीच जा. पार्किंगचं बर्डीवर माहीतच आहे, मेट्रोनं गेलेलं बरं.