घराच्या विम्याचा वापरानंतरचा अनुभव: वैशाखातलं वादळ, पोळ्याला आलेले पैसे

घराचा विमा घेऊन सव्वा वर्ष झालं आणि मधल्या काळात एक क्लेमही (भरपाईचा दावा) पार पडला. आमच्याकडे विमा म्हटलं की लोकांना पीकविमाच आठवतो. राहत्या घराचाही विमा निघतो हे अर्ध्या गावाला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी मत सांगते. पॉलिसी घेण्यासारखी आहे, हप्ता परवडणारा आहे आणि पैसे मिळाले. पण खेड्यातल्या घराचा क्लेम कागदावर ठरतो. काय तुटलं यापेक्षा कशानं तुटलं, आणि ते कोणी कोणत्या शब्दांत लिहून दिलं, याला जास्त किंमत आहे. विकणारा एजंट हे सांगत नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, घरची शेती आहे. घर दोन काळांत बांधलेलं. समोरच्या दोन खोल्या आणि छपरी (ओसरी) स्लॅबची, मागच्या दोन खोल्यांवर टिन, त्यामागे गोठा. अशा घराला विमा मिळतो का, हाच पहिला प्रश्न होता. मिळतो. भिंती विटा-सिमेंटच्या असतील आणि वर टिन असेल तर अडचण आली नाही. गवत, बांबू, ताडपत्री अशा साहित्याचं घर मात्र कंपन्या कच्चं बांधकाम धरतात.

घेतलेली पॉलिसी म्हणजे ‘भारत गृह रक्षा’. विमा नियामक आयआरडीएआयनं १ एप्रिल २०२१ पासून ती लागू केली. घराचा आगीचा वगैरे विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांवर ती ठेवण्याचं बंधन तेव्हा घातलं गेलं आणि मूळ मजकूर सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे कंपन्यांची तुलना करताना हप्ता आणि जवळचं ऑफिस कुठं आहे एवढंच पाहिलं. माझ्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. तालुक्यातल्या इतरांचे निरनिराळ्या कंपन्यांचे अनुभव ऐकले तेव्हा फरक कंपनीपेक्षा कागदांचाच जास्त दिसला.

विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेची किंमत त्यात नसते. आमचं चटई क्षेत्र ७०० चौरस फूट, दर १,६०० रुपये धरला, म्हणजे ११ लाख २० हजार. घरातल्या सामानाला वेगळं न मागता याच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल मर्यादा १० लाख. आमचं झालं २ लाख २४ हजार. वर्षाचा हप्ता १८ टक्के जीएसटी धरून हजाराच्या आत बसला. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, झाड किंवा वाहन येऊन आदळणं, पाण्याची टाकी फुटणं, दंगल, हे सगळं यात आहे. गावाकडच्या लोकांसाठी मुद्दाम सांगते की कंपाउंडची भिंत, फाटक, सेप्टिक टँक, गोबर गॅसचं बांधकाम आणि छतावरचे सोलर पॅनलसुद्धा घरात धरले जातात. चोरीचं मात्र नीट वाचा. मूळ पॉलिसीत चोरी तेव्हाच धरतात जेव्हा ती यांपैकी एखाद्या घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत होते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

पॉलिसी कोणाच्या नावानं घ्यायची हा खेड्यातला मोठा प्रश्न. आमच्या घराचा नमुना ८ (ग्रामपंचायतीच्या घरकर आकारणीची नोंद) सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या नावानं आहे, म्हणून पॉलिसीही त्यांच्याच नावानं काढली आणि बँक खातंही त्यांचंच दिलं. आमच्याच गल्लीत एकाच्या घराचा नमुना ८ वारलेल्या आजोबांच्या नावानं होता आणि पॉलिसी नातवाच्या नावानं. स्वयंपाकघर जळालं तेव्हा वारसनोंद होईपर्यंत त्यांचा क्लेम अडकून पडला. घर कोणाचं आहे हे ग्रामपंचायतीच्या कागदावर आधी साफ करून घ्या. स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका मिळाली असेल तर तीही फाइलला लावा.

आता क्लेम. मे महिन्यात, भर वैशाखात, संध्याकाळी वादळ आलं. मागच्या खोल्यांची टिनं अँगलसकट उखडली. शेजारचं कडूनिंबाचं झाड छपरीवर पडलं, सज्जा तुटला, वरची पाण्याची टाकी फुटली. उघड्या पडलेल्या खोल्यांत पाऊस शिरून पलंग, गाद्या, शिलाई मशीन आणि टीव्ही भिजला. गोठ्याचं छप्पर पार गेलं. माणसं आणि जनावरं वाचली.

नुकसानीचं कळवायला उशीर करू नये. पीकविम्याचे ७२ तास गावात सगळ्यांना पाठ आहेत, इथंही तीच घाई ठेवा. आम्ही त्याच रात्री कंपनीच्या नंबरवर फोन केला आणि ईमेलही टाकला. फोनचा पुरावा राहत नाही, ईमेलचा राहतो. सकाळी पसारा आवरण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढले: झाडाचा बुंधा, आदळलेली जागा, उडालेली टिनं जिथं पडली ती जागा, आणि आत उभं राहून दिसणारं आभाळ.

यापुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगते. पटवारी आणि कोतवाल पंचनाम्याला आले. त्या दिवशी त्यांना सगळं गाव पालथं घालायचं होतं, त्यामुळे सर्व घरांना एकच वाक्य चाललं होतं, ‘पाऊस व वाऱ्यामुळे घराची अंशतः पडझड’. सरकारी मदतीसाठी ते पुरतं. विम्यासाठी पुरत नाही. पावसानं भिंत हळूहळू मुरून पडली तर ती झीज किंवा ओल समजली जाते आणि क्लेम नाकारायला जागा मिळते. वादळ आणि झाड आदळणं या मात्र पॉलिसीतल्या लिखित घटना आहेत. मी पटवारी साहेबांना विनंती केली की साहेब, जे डोळ्यांनी दिसतं तेवढंच, पण वेगवेगळं लिहा. त्यांनी लिहिलं, ‘वादळी वाऱ्याने मागील दोन खोल्यांवरील टिनपत्रे उडाले. कडूनिंबाचे झाड पडून छपरीचा सज्जा तुटला व पाण्याची टाकी फुटली. टिन उडाल्यामुळे आत पाणी शिरून घरगुती सामान भिजले.’ या तीन ओळींवर आमचा क्लेम उभा राहिला. एकही शब्द खोटा नव्हता. सोबत स्थानिक वर्तमानपत्रातली वादळाची बातमी आणि महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची त्या तारखेची नोंद जोडली.

शब्दांचा हा फरक किती महागात जातो ते राळेगाव तालुक्यातल्या माझ्या एका सहकारी शिक्षकांच्या बाबतीत पाहिलं. वीज पडली त्या रात्री त्यांचा फ्रिज जळाला. मेकॅनिकनं बिलावर लिहिलं, ‘शॉर्ट सर्किट, व्होल्टेज जास्त’. जास्त दाबामुळे किंवा शॉर्ट सर्किटमुळे त्याच उपकरणाचं नुकसान झालं तर, तो दाब विजेमुळे आला असला तरी, पॉलिसी ते भरून देत नाही, थेट वीज पडून झालं तर देते. भिंतीवर काळा पट्टा होता आणि मीटरची पेटी फुटली होती, पण त्याचे फोटो कोणी काढले नव्हते. क्लेम फेटाळला गेला.

आमच्याकडे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून रक्कम ठरवणारे, नागपूरहून आले. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यापासून ७ दिवसांत कंपनीनं निर्णय कळवायचा. आमच्या बाबतीत यातलं काहीच वेळेत झालं नाही. मृग तोंडावर आलेला आणि वर छप्पर नाही. ताडपत्री बांधून आम्ही कंपनीला ईमेल केला की पावसाच्या आत टिनं टाकावीच लागतील, तुटलेली टिनं आणि अँगल जपून ठेवत आहोत, हरकत असेल तर कळवा. उत्तर आलं नाही, पण तो ईमेल पुढं फार कामी आला.

सर्व्हेअर साहेबांचं बोलणं नम्र होतं. “मॅडम, टिनं किती वर्षांची होती जी?” त्यांनी विचारलं. मामाजी म्हणाले, “बारा-तेरा वर्षं झाली असतील बाप्पा, पण गळत नव्हती.” टिनाचं वय लिहिलं गेलं, न गळण्याचं नाही. मागणी अशी होती: घराची दुरुस्ती ९२ हजार, सामान ३१ हजार, गोठा १४ हजार. मंजुरीचं पत्र आलं त्यात घराला ५८ हजार, सामानाला साडेएकोणीस हजार, गोठ्याला शून्य.

गोठ्याचं मला पटलं. पॉलिसीत राहण्यासाठी वापरलेली जोडबांधकामं धरतात, जनावरांचा गोठा त्यात बसत नाही. सामानातली काटछाटही समजण्यासारखी होती, काही वस्तूंची बिलंच नव्हती. पण टिनं जुनी म्हणून ठोक टक्केवारीनं कापलेले पैसे मला मान्य नव्हते. पॉलिसीत नुकसान होण्याआधी होतं तसं करून देण्याचा खर्च देण्याची भाषा आहे. जुनं टिन बाजारात मिळत नाही, छप्पर घालायचं तर नवंच आणावं लागतं. मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारलं की ही कपात कोणत्या कलमाखाली केली ते कळवा. सोबत टिनाचं जीएसटी बिल आणि वादळाआधीच्या दिवाळीतला मागच्या खोलीचा कोरडा, न गळणारा फोटो जोडला. कलम कोणी दाखवलं नाही. घराच्या रकमेत २१ हजार वाढवून मिळाले. मलबा उचलण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, तोही मागितल्यावर दिला. सगळं मिळून लाखाच्या थोडं वर. मामाजींच्या खात्यात पैसे आले तेव्हा पोळा लागला होता.

याच वादळाची सरकारी मदत किती, तर आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषानुसार किमान १५ टक्के अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि गोठ्याला ३,००० रुपये. सपाट भागात पूर्ण घर गेलं तर १ लाख २० हजार. ती मदत अवश्य घ्या, पण तेवढ्यात छप्पर उभं राहत नाही.

गवंड्याच्या मजुरीचं काय, असं बरेच जण विचारतात. आमच्या गवंड्यानं साध्या कागदावर कामाचं वर्णन, माप, रक्कम आणि सही दिली, आणि पैसे खात्यावरून दिले. आधी ‘पक्कं बिल नाही’ म्हणून ते नाकारलं होतं. केवळ कागदपत्रं अपुरी म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं नियामकानं सांगितलेलं आहे. ते पत्रात लिहिलं आणि मजुरी धरली गेली.

कापसाबद्दल लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही. भाव वाढण्याची वाट पाहत आपण घरातच कापूस भरून ठेवतो, झोपायच्या खोलीतसुद्धा. घराच्या विम्यात घरगुती वापराचं सामान आहे. विक्रीचा माल त्यात नाही. वणीकडच्या आमच्या नात्यात कापसाच्या खोलीला आग लागली. खोलीच्या दुरुस्तीचे पैसे मिळाले, कापसाचा एक रुपया नाही, आणि त्या घराचं वर्षभराचं उत्पन्न त्या खोलीत होतं. मला याचं फार वाईट वाटतं. विदर्भात घर आणि कोठार एकच असतं, आणि जी पॉलिसी गोबर गॅस मोजते तिनं निदान ठराविक मर्यादेपर्यंत घरातला शेतमाल मोजायला हवा. तोवर साठवलेल्या मालासाठी वेगळा आगीचा विमा मिळतो का ते कापूस घरात आणण्याआधीच विचारा.

ज्यांनी बँकेचं कर्ज काढून घर बांधलं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ‘बँकेनं विमा काढलाय’ एवढ्यावर थांबू नका, पॉलिसीची प्रत मागा. आमच्या शेजाऱ्यांनी प्रत काढली तर तो कर्जदाराच्या जीवाचा विमा निघाला, घराचा नाहीच. दुसरं, माझी बहीण भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठाला राहते. ऑगस्ट २०२०च्या महापुरात तिचं घर पाण्यात गेलं. आताची पॉलिसी तेव्हा आलेली नव्हती. बँकेनं काढलेल्या विम्यात फक्त इमारत होती, सामान नव्हतं, आणि मिळालेली रक्कम आधी कर्जखात्यात गेली. धान्य, भांडी, कपडे सगळं तिनं पदरच्या पैशानं घेतलं.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. सोबत नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ वर फोन करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत. आपल्या विदर्भाचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते ठरवू शकतात, फी नाही, वकील लागत नाही आणि सुनावणी ऑनलाइनही होते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला हवं.

नूतनीकरण करताना मी तीन वर्षांची पॉलिसी घेतली, कारण अनेक वर्षांची एकदम घेतली तर घराच्या विम्याची रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढते. गारपिटीच्या दिवसांआधी घराचे आतून-बाहेरून फोटो काढून कंपनीच्या ईमेलवर पाठवून ठेवले आहेत. नवीन टिनं जे-बोल्टनं आवळून घेतली. गोठ्यासाठी वेगळी पॉलिसी मागितली आहे. एजंटनं अजून आकडा दिलेला नाही, दिला की इथं खाली लिहीन.