बारावा हप्ता सराफाचा? सोन्याच्या भिशीत पैसे कुठे गळतात

महिनाअखेरीला हजार-दोन हजार उरतात. खात्यात राहिले तर खर्च होणार, म्हणून ते सराफाकडच्या भिशीत टाकायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. अकरा हप्ते तुम्ही भरायचे, बारावा दुकान भरणार, आणि त्या एकूण रकमेचा दागिना घ्यायचा. कार्डावर लक्ष्मीचं चित्र, दर महिन्याला एक शिक्का. या कार्डावर माणसं दोन तऱ्हांनी नाडली जातात. पहिली, दुकान बंद पडल्यावर, जिच्या बातम्या होतात. दुसरी दुकान छान चालू असताना, आणि तिची तक्रार कुणीच करत नाही, कारण आपण नाडलो गेलो हे लक्षातच येत नाही.

आधी चालू दुकानाचा हिशेब मांडू. महिना २,००० रुपयांची भिशी धरा. अकरा महिन्यांत तुमचे २२,००० जमा होतात, दुकान २,००० घालतं, शेवटच्या हप्त्यानंतर महिन्याभराने २४,००० रुपयांचा दागिना मिळतो. पहिला हप्ता अकरा महिने पडून राहिला, दुसरा दहा, शेवटचा एक. या हिशेबाने २,००० रुपयांचा बोनस वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास बसतो. तितकं बँक कुठे देते? काउंटरवरचा मुलगा हेच सांगतो, आणि इथवर तो खोटं बोलत नसतो.

खरा खेळ त्यानंतर, घडणावळीत आहे. दागिन्याची किंमत म्हणजे सोन्याचा भाव, त्यावर घडणावळ, आणि दोन्ही मिळून होणाऱ्या रकमेवर ३ टक्के जीएसटी. भिशीवाल्या ग्राहकाला दाखवल्या जाणाऱ्या दागिन्यांची घडणावळ १५ टक्के असेल, तर २४,००० रुपयांत सोनं येतं २०,२६२ रुपयांचं. आता तेच २,००० रुपये बँकेच्या रिकरिंगमध्ये ६ टक्क्यांनी टाकले असते तर साधारण ६६० रुपये व्याज मिळून २२,६६० झाले असते. ते रोख घेऊन ८ टक्के घडणावळ लावणाऱ्या दुकानात गेलात, तर सोनं येतं सुमारे २०,३७० रुपयांचं. म्हणजे दुकानाने भरलेला बारावा हप्ता दुकानातच राहिला, वर शंभरेक रुपये तुमचेच गेले. घडणावळ २० टक्के असेल तर सोनं १९,४१७ रुपयांवर येतं. भिशी सुरू करताना विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळे बोनसचा नव्हे, घडणावळीचा. 'भिशीवर कोणते दागिने मिळतात आणि त्यांची घडणावळ किती टक्के?' याचं उत्तर योजनेच्या पत्रकावर लेखी हवं. सणासुदीला बाहेर 'घडणावळीवर ५० टक्के सूट' असा फलक लागतो, तेव्हा ती सूट भिशीच्या रकमेला लागू आहे का, हेही. बहुतेक ठिकाणी नसते. आणि वेढणं किंवा नाणं, ज्यावर घडणावळ अगदी थोडी लागते, ते भिशीवर सहसा देत नाहीत. का देत नाहीत हे आता वेगळं सांगायला नको.

'घडणावळ पूर्ण माफ' म्हणणाऱ्या योजनांमध्ये माफीला टक्क्यांची मर्यादा असते. हाताला आवडेल असा दागिना नेमका त्या मर्यादेच्या वरचा निघतो आणि फरक खिशातून द्यावा लागतो. खड्यांचा दागिना असेल तर आणखी एक फट. एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन हे दोन आकडे वेगवेगळे आहेत. सोन्याचा भाव फक्त निव्वळ वजनाला लागला पाहिजे, खड्यांची किंमत वेगळी लिहिली पाहिजे. बिलावर एकच वजन दिसलं तर ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय उठू नका.

आता भावाचं. भिशी दोन प्रकारची असते आणि फरक बऱ्याच जणांना वर्ष संपल्यावर कळतो. पहिली रकमेवरची: कार्डावर फक्त रुपये लिहिले जातात आणि शेवटच्या दिवशीच्या भावाने सोनं मिळतं. भाव वर्षभर चढत राहिला तर पहिल्या महिन्यात भरलेल्या दोन हजारांनाही वर्षअखेरीचा चढा भाव लागतो. 'सोन्यात पैसे टाकतोय' असं वाटत असतं, प्रत्यक्षात ते सोन्यात नसतातच, दुकानदाराच्या गल्ल्यात असतात. दुसरी वजनावरची: प्रत्येक हप्त्याला त्या दिवसाच्या भावाने मिलिग्रॅमपर्यंत वजन लिहिलं जातं, आणि वर्षअखेरीला तेवढ्या वजनाचा दागिना मिळतो. चढत्या भावात ही ग्राहकाला उघडच फायद्याची. तुमच्या कार्डावर ग्रॅमचा रकाना नसेल तर तुमची भिशी रकमेवरची आहे.

वजनावरच्या भिशीत धोका वेगळा असतो आणि तो समजला की दुकानं का बुडतात हेही समजतं. पाचशे ग्राहक, महिना दोन हजार, म्हणजे दरमहा १० लाख, अकरा महिन्यांत १ कोटी १० लाख. बिनव्याजी आणि बिनतारण. सचोटीचा सराफ ज्या दिवशी हप्ता येतो त्याच दिवशी तेवढं चोख सोनं उचलून ठेवतो. मग भाव कुठेही जावो, त्याचं काही बिघडत नाही. पण तो पैसा दुसऱ्या शाखेच्या फर्निचरमध्ये किंवा फ्लॅटमध्ये गेला असेल आणि भाव तिसऱ्या हिश्श्याने वाढला, तर सोनं द्यायच्या दिवशी त्याला तेवढ्याच ग्रॅमसाठी तिसऱ्या हिश्श्याने जास्त पैसे लागतात. ते तो नव्या भिशीवाल्यांच्या हप्त्यांतून भागवतो. नवे येत राहिले तोवर कुणाला काही दिसत नाही.

कायद्याने तुमच्या कार्डाची किंमत काय? ती बँकेतली ठेव नव्हे. बँकेत, सहकारी बँकेतही, व्याजासह ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. सराफाकडच्या पैशाला नाही. (पतसंस्थेतल्या ठेवीलाही हा विमा नाही.) दुकान बुडालं तर तुम्ही बिनतारण घेणेकरी, बँकेकडे सोनं गहाण असेल तर आधी बँकेचा हात पोचतो. अकरा हप्त्यांचं गणितही कायद्यातून आलेलं आहे. कंपन्यांच्या ठेवींबाबतच्या २०१४ च्या नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही तर ती ठेव मानली जाते, आणि ठेवी घ्यायला वेगळ्या अटी आहेत. म्हणून कार्ड वर्षाच्या आत मिटवलं जातं. १८ किंवा २४ महिन्यांची भिशी कुणी देऊ केली तर तिथेच थांबा. तसंच 'सोनं नको असेल तर रोख व्याज देतो', 'आमच्याकडे एफडीही आहे, महिन्याला दीड टक्का' असं काउंटरवरून ऐकू आलं, तर तो व्यवहार सोन्याचा राहिलेला नाही. रोख परताव्याची अशी ठेव घ्यायची परवानगी सराफाला नसते आणि २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने तो गुन्हा आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीत गुडविन ज्वेलर्सच्या दुकानाला कुलूप दिसलं. तिथे भिशी आणि मुदत ठेव दोन्ही एकाच काउंटरवर घेतल्या जात होत्या. तपास ठाण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला, मालक असलेल्या दोघा भावांना त्याच वर्षी डिसेंबरात अटक झाली. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस या दागिने विकणाऱ्या कंपनीच्या शोरूमबाहेर गर्दी जमली तो प्रकार भिशीचा नव्हता. तिथे मॉइसनाइटच्या (हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम) खड्यांवर दर आठवड्याला परतावा सांगितला होता. पण चकचकीत शोरूम आणि पहिले काही परतावे वेळेवर, हा भाग दोन्हीकडे सारखाच.

बंद पडणाऱ्या दुकानाच्या खुणा आधी दिसतात. बोनस अचानक वाढतो, एका हप्त्याचे दोन होतात. हप्ता रोख द्यायचा आग्रह धरला जातो, किंवा यूपीआयसाठी दुकानाच्या नावाऐवजी कुणाचा तरी खासगी नंबर पुढे केला जातो. काचेच्या कपाटातला माल विरळ होतो, जड हार जाऊन हलके तुकडे मांडले जातात. सोनं द्यायची तारीख आली की 'डिझाइन येतंय, पंधरा दिवस थांबा'. मग 'एवढ्या छोट्या रकमेत काय येणार, तेच पैसे पुढच्या भिशीत वळवा, जास्तीचा बोनस देतो'. या टप्प्यावर हो म्हणणारे सर्वांत जास्त अडकतात, कारण जुनं कार्ड दुकानाकडे जातं आणि नव्या कार्डावर तारीख पुढची पडते. पुढच्या तारखेचा चेक ही त्यानंतरची पायरी. 'स्टॉक तपासणीसाठी दुकान बंद' हा कागद शेवटची.

एक छोटी गोष्ट, जी दोन हजारांच्या भिशीला हमखास लागू पडते. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि एचयूआयडी अशा तीन खुणा असतात. एचयूआयडी 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की तपशील दिसतो. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेले सराफ या सक्तीतून वगळलेले आहेत. २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ११,००० धरला तर वरच्या हिशेबातले २०,२६२ रुपये म्हणजे १.८४ ग्रॅम. म्हणजे वर्षभर भरून घेतलेली कानातली किंवा मुरणी नेमकी त्या सवलतीत बसते. अशा वेळी पक्क्या बिलावर कॅरेट, निव्वळ वजन, भाव आणि घडणावळ चारही वेगळं लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला दागिना मोडायला नेलात की घट किती धरायची हे समोरचा ठरवतो. हॉलमार्क असलेल्या दागिन्याची शुद्धता कमी निघाली, तर कमी पडलेल्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च अशी भरपाई मागता येते. बिल नसेल तर मागणार कशाच्या आधारावर?

भिशीच लावायची असेल तर ती वजनावरची, अकरा हप्त्यांची, दुकानाच्या चालू खात्यात थेट भरायची, आणि एका वेळी एकच. मुळात सोनं हवं आणि हप्त्याची शिस्तही हवी, तर बँकेचं वर्षाचं रिकरिंग करून पाडव्याला किंवा दसऱ्याला रोखीने वेढणं घेणं जास्त सुटसुटीत, कारण त्या दिवशी तुम्ही चार दुकानांत घडणावळ विचारू शकता. दागिना नकोच असेल तर गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात घेता येणारे सोन्याचे युनिट) आहे, त्याला डीमॅट खातं लागतं. ॲपवर दहा रुपयांपासून मिळणारं 'डिजिटल गोल्ड' ही तिसरी वस्तू. ते आपल्या देखरेखीखाली येत नाही असा इशारा शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेला आहे.

आणि तारीख उलटली, दागिना मिळाला नाही, तर थांबू नका. त्याच दिवशी दोन प्रतींत लेखी मागणी द्या, एका प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. दुकान चालू असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. ती पोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात न्यायालयात तक्रार. यातली एक तारीख चुकली की चेकचा धाक संपतो, आणि 'साहेब गावाला गेलेत' म्हणणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

दुकानाला कुलूप लागलं असेल तर पोलीस ठाणं. रक्कम मोठी आणि तक्रारदार बरेच असतील तर तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्यात मालमत्ता जप्त करता येते. तिथे समोरून ठरलेला बचाव येतो: ही ठेव नव्हती, मालाची आगाऊ रक्कम होती. म्हणून योजनेचं छापील पत्रक, ज्यावर मुदत आणि बोनस लिहिलेला असतो, ते पहिल्या दिवसापासून जपून ठेवावं लागतं. सोबत बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवरचे 'पुढच्या आठवड्यात या' असे मेसेज. तक्रारीला या सगळ्याच्या झेरॉक्स जोडा. मूळ कार्ड 'नोंद अपडेट करायला' दुकानात, किंवा 'सगळ्यांचं मिळून एकत्र करतो' म्हणणाऱ्या हप्ते गोळा करणाऱ्या माणसाच्या हातात देऊ नका. पोलिसांनी मागितलं तर पोच घेऊन द्या.