स्कॅन "क्लीन" आला तरी पासवर्ड गेलेलेच होते, या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानामुळं निभावलं

मी सांगलीत जीएसटी रिटर्नची कामं करते, मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी जास्त, अडतीस जणांचे पोर्टलचे लॉगिन माझ्याकडं आहेत आणि ते सगळेच्या सगळे मी क्रोममध्ये सेव्ह केले होते. हे आधी सांगते म्हणजे मला किती धडकी भरली असेल ते कळेल.

17 तारीख होती, 3बी (जीएसटीचं रिटर्न) भरायची घाई. पीडीएफ जोडायला एक वेबसाईट उघडली तर "मी रोबोट नाही" आलं, ते काय रोजच येतं, पण यावेळी खाली लिहिलेलं की विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. दाबलं. काळी विंडो क्षणभर आली आणि गेली, बाकी काही झालं नाही म्हणून विसरून पण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या इन्स्टाग्रामवरून सगळ्या पाहुण्यांना क्रिप्टोच्या जाहिराती गेलेल्या आणि जीमेलमध्ये भलतीकडूनच लॉगिन. टू स्टेप (पासवर्डनंतर ओटीपी पण मागणारं सेटिंग) चालू असून ओटीपी आलाच नव्हता, मग आत शिरला कसा तेच कळेना.

आधी घराजवळच्या एका दुकानात गेले. त्यांनी अँटिव्हायरस फिरवला, काही सापडलं नाही, 300 रुपये घेतले आणि क्लीन आहे मॅडम, घरी जाऊन पासवर्ड बदला म्हणाले. मी त्याच कॉम्प्युटरवर बसून बदलणार होते, तेवढ्यात मिरजेच्या मावसभावानं या दुकानाचा नंबर दिला. दुकानाच्या दादांनी फोनवरच सांगितलं, "ताई, नेटची वायर काढा, त्या मशीनवरून एक पण पासवर्ड बदलू नका, डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन लावला असेल तर तो पण काढा आणि मशीन घेऊन या."

विश्रामबागला पोचल्यावर मशीनला हात लावायच्या आधी त्यांनी माझा मोबाईल काढायला लावला, वायफायवर नाही तर मोबाईलच्या नेटवर. पहिलं जीमेल. पासवर्ड बदलला, मग गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन जी जी डिव्हाइस दिसत होती ती सगळी साईन आउट, रिकव्हरी नंबर तपासला, आणि मेल परस्पर दुसरीकडं फॉरवर्ड होतायत का ते फिल्टर पण बघितले (हे मला आयुष्यात सुचलं नसतं). नुसता पासवर्ड बदलून का भागत नाही हे विचारलं तर म्हणाले, भावे नाट्यमंदिरात मध्यंतराला बाहेर आलात आणि अर्धं तिकीट दाखवलंत की परत आत सोडतात ना, ब्राउझरमधली कुकी म्हणजे ते अर्धं तिकीट, चोरानं तेच उचललं म्हणून त्याला ना पासवर्ड लागला ना ओटीपी. सगळीकडून साईन आउट केलं की तिकीट रद्द. मला एका मिनिटात कळलं.

मग मशीन उघडून रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या नोंदींतली) रन बॉक्सची, म्हणजे विंडोज आणि आर दाबल्यावर येणाऱ्या चौकटीची, हिस्टरी दाखवली, त्या वेबसाईटनं परस्पर कॉपी करून ठेवलेली आणि मी पेस्ट केलेली पॉवरशेलची (विंडोजला हुकूम द्यायच्या प्रोग्रॅमची) लांबलचक ओळ तिथं जशीच्या तशी होती. असले स्टीलर, म्हणजे माहिती चोरणारे व्हायरस, सेव्ह केलेले पासवर्ड, कुकी, कार्डचे डिटेल गोळा करून पाठवतात आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून निघून जातात, म्हणून नंतरच्या स्कॅनमध्ये काही न सापडणं म्हणजे काही गेलं नाही असं होत नाही. पहिल्या दुकानात नेमकं हेच कुणी सांगितलं नाही आणि त्याचा मला खरंच राग आहे. घरी आल्यावर वाचलं, 2025 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं लुम्मा नावाच्या स्टीलरची जवळपास 2300 डोमेन बंद पाडली, आणि त्याआधीच्या दोनच महिन्यांत जगात 3 लाख 94 हजार विंडोज कॉम्प्युटर त्यानं पकडलेले.

टोकनची मला फार काळजी होती, पण डीएससीची की टोकनच्या आतच राहते, तिची कॉपी निघत नाही, पिन तेवढा बदलून घेतला. विंडोज पूर्ण पुसून नवीन पेनड्राइव्हवरून टाकलं, एक्सेल आणि टॅलीचा डेटा तेवढा परत घेतला, जुनी सेटअपची फाईल एक पण घेऊ दिली नाही. पासवर्ड मॅनेजर लावून दिला. बँकेला कळवायला लावलं, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार माझ्याकडूनच भरून घेतली, आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर एक मिनिट न थांबता 1930 ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला) फोन करा हे दोनदा बजावलं. अडतीस क्लायंटना फोन मीच केले, दोघं तिघं चिडले, त्यांचं बरोबरच होतं, पण सगळ्यांचे पासवर्ड त्याच रात्री बदलून झाले आणि 3बी 20 तारखेच्या आत गेल्या.

दीड दिवस लागला, 1500 रुपये, पक्कं बिल. तक्रार म्हणाल तर प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा राहिला, त्यासाठी परत खेप झाली, दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत आणि गाडी लावायला जागा नाही, शंभर फुटी रस्त्याला कडेला लावून चालत या. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, सीपीयू असेल तर कुणाला तरी सोबत न्या. आणि घरून निघायच्या आधी फोन कराच, तोवर काय करायचं नाही ते दादा फोनवर सांगतात, त्याचे पैसे घेत नाहीत.