काळ्या मातीवरच्या रस्त्यासाठी पिशवीतला चुना: घ्यावा का, किती, कसा

रस्ता फुटला की शिव्या डांबराला पडतात. इंदूरच्या आजूबाजूला, सांवेर रोड घ्या की राऊकडचा पट्टा, आधी डांबराखालची माती बघावी. तीच सुधारायला इथे कोरडा विझवलेला चुना, म्हणजे मैदानावर रेघा मारायची फक्कीच, २५ किलोच्या पिशवीत मिळतो. आमच्याकडून त्याला पाचापैकी साडेतीन. दीड गुण का कापले ते पुढे येईलच.

‘डग डग रोटी, पग पग नीर’ असं माळव्याचं कौतुक होतं ते याच मातीमुळे. सोयाबीनसाठी ती जे पाणी धरून ठेवते, तेच रस्त्याखाली नडतं. पावसाळ्यात साईडपट्टीतून पाणी शिरतं, कडेची माती फुगते आणि डांबराखालची मधली जवळजवळ तशीच राहते. एप्रिल-मेमध्ये उलट: कड आकसते, मध हलत नाही. म्हणून पहिली भेग कडेपासून थोडी आत, रस्त्याच्या लांबीने पडते. त्या भेगेतून पाणी उतरलं की खडी चिखलात रुतते, चिखल खडीत वर चढतो आणि ट्रकच्या चाकांखाली चाकोऱ्या पडतात. वरून डांबराचा नवा थर ओतला तरी भेग त्याच रेषेवर परत येते.

चार दिवस पाण्यात बुडवून काढलेला या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलायच्या ताकदीचा आकडा, बऱ्याचदा २-३ टक्केच भरतो. आयआरसी ३७ ही डांबरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका मोठ्या वर्दळीच्या रस्त्याला किमान ५ मागते. फ्री स्वेल, म्हणजे पाण्यात मोकळी सोडलेली माती किती फुगते तो आकडा, ५० टक्क्यांच्या वर गेला तर ही माती भरावालाही चालत नाही.

चुना टाकला की चिकटपणा काही तासांत उतरतो, माती रवाळ होते. ताकद मात्र पुढे आठवडे-महिने वाढत राहते. प्रमाण सुक्या मातीच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के. नेमकं किती ते प्रयोगशाळेकडून घ्या, शेजारच्या साइटवरून उचलू नका. हिशोब असा: ३०० मिमी थर, सुकी घनता १.६ टन प्रति घनमीटर, म्हणजे एका चौरस मीटरला ४८० किलो माती. ४ टक्क्यांनी साधारण १९ किलो चुना. ७ मीटर रुंद, १०० मीटर लांब रस्त्याला साडेतेरा टनाच्या आसपास, म्हणजे ५४० पिशव्या. तेवढ्याच लांबीत ५०० मिमी माती उकरून मुरूम भरायचा तर दाबून ३५० घनमीटर मुरूम आणायचा आणि तेवढीच काळी माती कुठेतरी नेऊन टाकायची. इथेच चुना बाजी मारतो.

आता गुण का गेले. पिशवीवर भाजणीची तारीख सापडणं मुश्कील, शुद्धताही छापलेली नसते. केंद्राच्या रस्ते-विनिर्देशात कॅल्शियम ऑक्साइड किमान ७० टक्के लागतं. चाचणी अहवालाशिवाय ट्रक उतरवून घेऊ नका. माल कटनीचा असो की राजस्थानचा, उघड्यावर ठेवलेली फक्की हवा खाऊन मरते. चमचाभर घेऊन पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाका: जोरात फसफसली तर तो खडू झालाय.

पण मालापेक्षा हलगर्जी जास्त भोवते. ढेकळं तशीच ठेवून चुना पसरला की ढेकळाला बाहेरून पांढरा लेप बसतो आणि आत जुनी काळी माती जशीच्या तशी. रोटाव्हेटर इतका फिरवा की सगळी माती २६.५ मिमीच्या चाळणीतून आणि किमान ८० टक्के ५.६ मिमीमधून पडावी. फारच चिवट असेल तर अर्धा चुना आज, पाणी मारून एक-दोन दिवस मुरू द्या, उरलेला नंतर. शेवटच्या मिसळणीनंतर ३ तासांत रोलर संपला पाहिजे. मग ७ दिवस ओलं ठेवायचं, गाड्या बंद.

मिसळ खोलवर पोचली का, हे बघायला ताजा खड्डा खणून भिंतीवर फिनॉल्फ्थॅलिन फवारा. चुना जिथवर गेला तिथवर भिंत गडद गुलाबी होते. ३०० ऐवजी १८० मिमीवरच रंग थांबला, तर बिल तिथेच थांबवा.

घनतेच्या चाचणीत एक गंमत होते. चुन्याने कमाल सुकी घनता उतरते आणि लागणारं पाणी वाढतं. निरीक्षकाने नुसत्या मातीचा प्रॉक्टर, म्हणजे प्रयोगशाळेत ठोकून काढलेली कमाल घनता, समोर धरला तर चांगला थरही नापास. टक्के मोजायचे ते चुना मिसळलेल्या मातीच्या प्रॉक्टरवर.

वालुकामय मातीत याचा उपयोग नाही, आणि सल्फेट असलेल्या मातीत तर चुन्यानेच फुगवटा येतो, आधी तपासा. वाऱ्याच्या दिवशी पसरू नका, मजुरांना गॉगल द्या. साईडपट्टीलगत गटार नसेल तर हा सगळा खर्च पाण्यात.

काम ऑक्टोबर ते मे. जूनच्या तोंडावर विक्रेता ‘स्वस्तात देतो, भरून ठेवा’ म्हणाला तर नको म्हणा; पावसाळाभर दमट गोदामात पडलेल्या पिशव्या दिवाळीनंतर आम्लात फसफसतील.