गच्चीवर ४००, घरात ६

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत घरोघरी फाइव्ह-जी वायफाय विकणारा एजंट आला. वायर नको, खोदकाम नको, बाल्कनीत एक डबा बसवला की फायबरसारखा वेग. मुलगी घरून काम करते, म्हणून मी ऐकून घेतलं. तो मला गच्चीवर घेऊन गेला आणि स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. ४०० एमबीपीएसच्या (हे इंटरनेटच्या वेगाचं माप) वर आकडा! टॉवर समोरच दिसत होता. मी तिथेच वर्षाचे साडेसात हजार रुपये एकरकमी भरले.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. बाल्कनीसमोर दुसऱ्या विंगची भिंत आहे. डबा बसवायला आलेल्या मुलाने अँटेना चार वेळा फिरवून पाहिली आणि म्हणाला, "काका, इथं रेंज कमीच येणार." खरं बोलणारा तो एकटाच भेटला, पण तोवर पैसे गेले होते. सकाळी ६०-७० एमबीपीएस मिळायचे, रात्री नऊनंतर ६. परदेशातल्या लोकांबरोबरच्या मीटिंगा नेमक्या त्याच वेळी. शेवटी लेकीला लॅपटॉप घेऊन इंदिरानगरला मावशीकडे जावं लागायचं.

पावती नंतर नीट वाचली. "१०० एमबीपीएसपर्यंत" असं छापलं होतं. त्या "पर्यंत"मध्ये ६ सुद्धा बसतात, असं मला फोनवर ऐकवलं. याला मी फसवणूकच म्हणतो, कारण विकताना गच्चीवरचा आकडा दाखवला होता.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ला फाइव्ह-जी सुरू झालं. त्याचा मोठा वेग प्रामुख्याने ३३०० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यातून येतो आणि या लहरी जाड भिंतींतून आत येताना फार क्षीण होतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी आतपर्यंत पोचतात, पण त्यांच्यात तेवढा वेग मावत नाही. शिवाय एका टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, म्हणून रात्री घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की वेग कोसळतो. मोबाइलवरच्या "५जी" चिन्हावरही जाऊ नका. काही नेटवर्कमध्ये फोन प्रत्यक्षात ४जीवर असतानाही ते दिसतं.

म्हणून कळकळीने सांगतो, टेस्ट गच्चीवर नाही, जिथे बसून काम करणार त्या खोलीत करायला लावा, आणि तीही रात्री नऊ-दहाला. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचाच प्लॅन मागा. बंद केल्यास किती पैसे परत मिळतील ते लेखी घ्या. कंपनीकडे तक्रार केलीत तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्याच, त्याशिवाय पुढे कंपनीच्या अपील विभागाकडे अपील करता येत नाही. अपिलाला मुदत ३० दिवसांची असते. मी पहिला महिना नुसत्या फोनाफोनीत घालवला, नंबर एकदाही मागितला नाही.

आता नव्याने तक्रार नोंदवून अपील केलं आहे. निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो, आज २२वा दिवस. डबा अजून बाल्कनीतच आहे.