1891चा पोटभाडेकरू आणि माझं आठ महिन्यांचं सबस्क्रिप्शन

इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या आमच्या जुन्या घरात पूर्वी कोण राहायचं, एवढ्याच कुतूहलापोटी वंशावळीच्या एका साइटचे पैसे भरले. आठ महिने झाले. मूळ कुटुंबाचा शोध दोन संध्याकाळींत आटपला. अडकवलं ते 1891च्या खानेसुमारीत, त्यांच्या नावांखाली अगदी शेवटच्या ओळीत बसलेल्या पोटभाडेकरूने.

साइटच्या शोधात तो 'क्लार्क' म्हणून येतो. मूळ पानाचा फोटो मोठा केला तर 'क्लिकर', म्हणजे बुटांसाठी चामडं कापणारा कारागीर. लेस्टर तेव्हा बुटांचं आणि होजिअरीचं गाव. शब्दावरून मोजदाद करणाऱ्या कारकुनाची पेन्सिलची रेघ गेलीय, त्यामुळे वाचणारा चुकला हे समजू शकतो. पण दुरुस्ती कळवून पाच महिने झाले, बिचारा अजून क्लार्कच आहे.

आडनावही दरवेळी वेगळं लिहिलेलं. शेवटी नावाचा नाद सोडला. जन्मगाव केटरिंग आणि अंदाजे वय टाकलं की सापडतो. 1901ला तो दुसऱ्या गल्लीत, आणि 'लॉजर' नव्हे, 'बोर्डर': म्हणजे घरच्यांच्याच पंगतीला जेवणारा. 1911ची मजा वेगळी. लोकांनी स्वतः भरलेले फॉर्म त्या वर्षापासून जपलेत. वेगळी चूल मांडलेली, म्हणून हा स्वतःच कुटुंबप्रमुख! खोल्या: 1. खाली सही, शेवटच्या अक्षरावर शाई फुटलेली. मी बायकोला हाक मारून दाखवली. "तुझा कोण लागतो तो?"

1921च्या फॉर्ममध्ये कुणाकडे नोकरी हेही विचारलंय, पण ते पान सर्वांत महागड्या प्लॅनमध्येच उघडतं. पुढे 1931चे कागद 1942च्या आगीत गेले आणि 1941ला युद्धामुळे मोजणीच नाही. तो काही साइटचा दोष नव्हे.

पुण्याहून मावशी म्हणाली, आमच्या वाड्याचंही बघ. आपल्याकडे ते जमणार नाही. 1948च्या कायद्याने जनगणनेतल्या व्यक्तिगत नोंदी कुणालाच बघायला मिळत नाहीत.

मूळ पानांच्या फोटोंसाठी पैसे वसूल. पण महिन्यापुरतंच घ्या, आणि आपोआप होणारं नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. माझे एकदा कापले गेले ते गेलेच. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात, जाऊ शकत असाल तर तिथल्या संगणकांवर हे फुकट बघता येतं.

युद्ध सुरू होताच सगळ्या लोकांची नोंद केली होती, त्या 1939च्या नोंदवहीत अखेर त्याची पूर्ण जन्मतारीख मिळाली. तिच्या हिशोबाने 1891ला तो 29चा हवा, लिहिलंय 27. घरमालकिणीने अंदाजाने ठोकलं, की गड्याने चोरलं, कोण जाणे.