कॅम्पर व्हॅनचा १२ व्होल्टचा पाणीपंप : १६ महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या सहा महिन्यांनंतर मी या पंपाची मनापासून शिफारस केली होती. आज ती एका अटीवर पुन्हा करतो आहे आणि ती अट पंपाबद्दल नसून नळजोडणीच्या तळाशी बसवायच्या १८० रुपयांच्या, साचलेले पाणी सोडून देणाऱ्या पितळी कॉकबद्दल आहे.

रत्नागिरीत पाणी कधी गोठत नाही, त्यामुळे गाडी बांधणाऱ्या कारागिराने सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची सोय ठेवली नव्हती आणि मलाही ती मागायचे सुचले नव्हते. जानेवारीत मनालीजवळ मुक्कामाला असताना मी रात्री टाकी पूर्ण रिकामी केली आणि निश्चिंत झोपलो. सकाळी पंपाआधीच्या गाळणीची वाटी उभी चिरलेली होती आणि पंपाच्या डोक्यालाही तडा गेला होता. गोठून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, या उत्तरावरून विक्रेता तीन फोनांनंतरही हलला नाही आणि मला ४,२०० रुपये मोजून तोच पंप पुन्हा घ्यावा लागला.

तेव्हा माझा सगळा राग पंपावर होता. जुना पंप खोलून पाहिल्यावर मत बदलले. पाणी मागे फिरू नये म्हणून यात झडपा असतात, त्यामुळे टाकी रिकामी झाली तरी पंपाचे डोके, गाळणी आणि नळीचे झोल यांत पाणी अडकून राहते, आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. आता थंडीत जाताना मी कॉक आणि बाहेरच्या शॉवरसह सर्व नळ उघडून पंप मिनिटभर कोरडा चालवतो, गाळणीची वाटी काढून पुसतो आणि गिझर वेगळा रिकामा करतो. इंजिनाचे कूलंट मात्र या नळ्यांत कोणीही घालू नये, कारण त्यात बहुधा असणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. पिण्याच्या पाण्याच्या जोडणीसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे वेगळे द्रावण मिळते.

कॉकचा खरा फायदा मला घरीच झाला. पहिल्या पावसाळ्यात गाडी उभी राहिली, तेव्हा साचलेल्या पाण्याने नळ्यांत बुळबुळीत थर धरला होता आणि तो कुबट वास घालवण्यात दोन दिवस गेले. यंदा १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या शाकारल्या गेल्या, त्याच आठवड्यात मीही सगळी जोडणी कोरडी करून ठेवली. गणपतीत गाडी उघडली, तेव्हा पहिल्याच पाण्याला वास नव्हता. कॉकच्या आट्यांवर खाऱ्या हवेने हिरवट थर आला आहे, तो मात्र दर दोन महिन्यांनी घासावा लागतो.